उलट्या आकड्यांची घंटा

गेल्या मंगळवारी दुपारी, पावणेदोन ते सव्वादोन या अर्ध्या तासात, श्रीपती ओतारींवर दहा हजार वेळा शस्त्रक्रिया झाली. आणखी दहा हजार वेळा ती न करताच त्यांना घरी पाठवण्यात आलं. त्यांना यातलं काहीच कळलं नाही. त्या वेळी ते साताऱ्याच्या त्या रुग्णालयाच्या उपाहारगृहात मुलीसमोर बसून इडली खात होते आणि चटणीत मिरची जास्त झाली आहे हे वाढणाऱ्याला सांगावं की नाही, या विचारात होते. शेवटी सांगितलं नाहीच.

अडीच वाजता डॉ. समिना मुजावरांनी दोघांना आत बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर करड्या रंगाचं एक धड तरंगत होतं. त्याच्या मधोमध वरून खाली एक जाड नळी उतरली होती आणि बेंबीच्या जरा वर, सापाने उंदीर गिळावा तशी फुगली होती. फुगवटा धडधडत होता. श्रीपतींचा हात नकळत पोटावर गेला. पडद्यावरची धडधड आणि हाताखालची धडधड एकाच ठेक्यात चालली होती. त्यांनी हात पटकन काढून घेतला.

"हा मी?"

"तुमचा प्रतिदेह, आजोबा. आठवडाभर तो पट्टा बांधला होता ना पोटाला, त्याने तुमच्या रक्ताचा प्रत्येक ठोका टिपला. तो, तुमचं स्कॅन आणि रक्ताचे अहवाल, सगळं एकत्र करून यंत्राने तुमच्यासारखा दुसरा माणूस उभा केला. याच्यावर आम्ही काहीही करून बघू शकतो. याला दुखत नाही."

डॉक्टरबाईंनी सगळं सावकाश समजावून सांगितलं. हृदयातून निघणारी महाधमनी पोटातून खाली जाते. वयानुसार तिची भिंत झिजली की जुन्या सायकलच्या ट्यूबसारखा तिला फुगा येतो. तो फुटला तर सगळा मिनिटांचा खेळ. उपाय तसा जुनाच होता. जांघेतल्या धमनीतून, घडी घातलेली जाळीची नळी आत सरकवायची आणि फुगवट्याच्या जागी ती उलगडायची. रक्त त्या नळीतून वाहतं, झिजलेल्या भिंतीवरचा ताण जातो. पोट फाडावं लागत नाही.

"नव्वदीच्या माणसालाही हे करता येतं," त्या म्हणाल्या. "चौथ्या दिवशी घरी. पण खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. ऑपरेशन उत्तम होतं आणि माणूस वर्षाच्या आत मूत्रपिंडं थकून जातो. नाहीतर अंथरूण धरतो. कधी नळीच्या कडेने रक्त झिरपत राहतं, मग पुन्हा पुन्हा टेबलावर. उलट, ज्यांना हात लावला नाही असे कितीतरी जण तो फुगा पोटात घेऊन दुसऱ्याच कशाने तरी जातात. कुणाचं करावं, कुणाचं करू नये, हे पूर्वी आम्ही अनुभवावरून ठरवायचो. आता प्रतिदेह ठरवतो."

"आणि अण्णांचं काय ठरलं?" मेधाने विचारलं. ती पुण्याहून रजा काढून आली होती, आणि उत्तर ऐकण्याआधीच तिने वहीचं पान उघडून ठेवलं होतं.

पडद्याच्या कडेला लाल पट्टी उमटली. "तातडीचं. नाही केलं, तर वर्षाच्या आत शंभरातल्या एकसष्ट वेळा फुटतो. केलं, तर शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर वेळा आजोबा पुढच्या वर्षी या वेळी आहेत. येत्या शुक्रवारी घेऊ." मग नियमाप्रमाणे त्यांनी नोंदी ताडून पाहिल्या. "नाव श्रीपती ज्ञानू ओतारी. जन्म एक जून सत्तावन्न. चौऱ्याऐंशी पूर्ण. बरोबर?"

श्रीपतींनी मान हलवली. आयुष्यभर हलवत आले होते तशीच.

*

घरी आल्यावर त्यांनी शिंक यायची धास्ती घेतली. मग खोकल्याची. मग चपला घालायला वाकण्याची. मेधाने एकदा न बोलता चपला त्यांच्या पायाशी सरकवल्या, तेव्हा त्यांना रडू येईल असं वाटलं आणि मग रडण्याचीही भीती वाटली, कारण रडताना पोट हलतं. शंभरातल्या एकसष्ट वेळा. म्हणजे ते अमुक तारखेला, अमुक वेळी, कदाचित याच खुर्चीत, आधीच मेले होते. फक्त त्यांच्यापर्यंत ते अजून पोहोचलं नव्हतं.

त्यांनी अहवालाची छापील प्रत मागून घेतली होती. पडद्यावर वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटत नसे. ज्ञानवर्धिनी शिक्षणसंस्थेच्या छापखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. आधी शिशाच्या खिळ्यांची, मग संगणकाची. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची, ही तिथली रीत. रविवारी काम घरी आलं की वाचायला मेधा बसे. आठ-नऊ वर्षांची होती. कंटाळली की एखादी ओळ गाळून पुढे जाई. श्रीपती काही बोलत नसत, नुसतं बोट वर करत. मुद्रितात चूक सापडली तरी बोट वर, मेधाने ओळ गाळली तरी बोट वर.

तर ते लाल पेन्सिल घेऊन आपलाच अहवाल तपासायला बसले. अकराव्या पानावर त्यांचं बोट आपोआप वर गेलं.

'रुग्णाच्या वयाच्या मानाने भिंतीची झीज असाधारण वेगवान. पूर्वीची स्कॅन उपलब्ध नसल्याने झिजेचा वेग वयावरून काढला आहे.'

त्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग त्याखाली लाल रेघ मारली.

ओतारी म्हणजे पितळ-काशाचं ओतकाम करणारे. मूस आणि भाता गाढवावर टाकून बापाने गावोगाव फिरवलं, त्यामुळे शाळेचं तोंड बघेपर्यंत श्रीपती दहा वर्षांचे झाले होते. अंगाने मात्र काडी. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दहा वर्षांचा घोडा पहिलीत कसा बसवू? सहा लिहितो." ज्याला तारीख माहीत नाही त्याला एक जून, हा तर सगळ्याच शाळांचा रिवाज. त्या एका खोडसाळ नसलेल्या ओळीवर पुढे सगळं चढत गेलं. नोकरी, निवृत्ती आणि लग्नही. कमलच्या वडिलांना सत्तावीस सांगितलं, होते एकतीस. कमलला ते कधीच कळलं नाही. ती जाऊन सात वर्षं झाली होती.

हीच चार वर्षं यंत्राला ठाऊक नव्हती. म्हणून त्याने त्यांची झीज उरलेल्या वर्षांत कोंबली होती आणि घाबरून लाल पट्टी लावली होती.

की नाही? श्रीपतींना स्वतःचं कुठलंच म्हणणं कधी पक्कं वाटलं नव्हतं. मी कोण या विद्वानांची चूक काढणारा, असं त्यांच्या मनात आलं. त्याहून वाईट म्हणजे दुसरा विचार आला. हे सांगितलं आणि ते म्हणाले, अठ्ठ्याऐंशीच्या माणसाचं आम्ही करत नाही, तर? मग हा फुगा पोटात तसाच. गप्प बसलं तर निदान शुक्रवार होता.

आणि मग त्यांना ती मुलगी आठवली. सातवीच्या गणिताच्या पुस्तकात, शेवटच्या उत्तरांच्या यादीत, त्यांच्या नजरेतून एक चुकीचा आकडा सुटला होता. वर्षभराने एका शिक्षिकेचं पत्र आलं. वर्गातल्या एका मुलीने ते गणित अकरा वेळा केलं, दर वेळी बरोबर केलं, आणि मागचं उत्तर जुळेना म्हणून दर वेळी पाटी पुसली. त्या पत्राला उत्तर लिहायचं धाडस श्रीपतींना झालं नव्हतं.

यंत्राने तर वीस हजार वेळा केलं होतं. सगळी गणितं बरोबर. दिलेला आकडाच चुकीचा.

*

बुधवारी सकाळी ते मेधाला म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी एकदा आक्काला भेटून येऊ."

हौसाक्का कोरेगावच्या पलीकडे पाडळीला नातसुनेपाशी राहत होती. ओट्यावर उन्हात बसून शेंगा फोडत होती. नव्वदी केव्हाच उलटलेली. भाऊ दिसल्यावर म्हणाली, "सिरपा, किती वाळलास रं. ही सून का?"

"मेधा आहे आत्या. मुलगी."

"तेच म्हनतीय मी. च्या घेतला का?" चहा झाला होता. तिने पाच मिनिटांत तीनदा विचारलं.

श्रीपतींनी घसा साफ केला. "आक्का, माझा जन्म कधीचा गं?"

मेधाने चमकून पाहिलं. आक्काने शेंग दाताखाली फोडली. "घंटंचा."

"कसला?"

"आरं, बानं भैरोबाची घंटा वतली, त्या दिशी तू झालास. हिकडं मूस वतत्यात आन् तिकडं आईच्या पोटात कळ. मी भाता मारत हुते. बाला सांगायला कुनी जाईना, रस वतताना हलला मानूस तर घंटा फुटती. मी पाच वर्साची. समदं ध्यानात हाय."

"म्हणजे अण्णा, तुमचं वय..." मेधा म्हणाली. श्रीपतींनी मग जे होतं ते सांगितलं. मास्तर, सहा वर्षं, एक जून, अकरावं पान. सांगताना ते शेंगांच्या टरफलांकडे बघत होते.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

मेधा त्यांच्याजवळ सरकून बसली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "अण्णा, रागावू नका. तुम्ही घाबरलाय. मीपण घाबरलेय. शुक्रवार दोन दिवसांवर आलाय, आणि आता एकदम हे निघालं. आत्याला मी कोण ते आठवत नाही. तिच्या शब्दावर आपण ऑपरेशन थांबवायचं?"

श्रीपतींना हेच वाटत होतं. मुलीच्या तोंडून ऐकल्यावर ते जास्तच खरं वाटलं. कदाचित ते पळवाटच शोधत होते. म्हातारं माणूस मरणाच्या भीतीने काय काय आठवून काढेल याचा नेम नाही.

"माजा शबूद कशाला," आक्का म्हणाली. मेधाला वाटलं त्याहून तिला जास्त ऐकू येत होतं. "घंटंवर हाय की लिवलेलं. पर वाचाया येत न्हाई कुनाला. उलटी घंटा म्हनत्यात तिला. बाला लिवाया कुठं येत हुतं?"

भैरोबाचं देऊळ दोन गल्ल्या सोडून होतं. श्रीपती पायरीला थांबत, पोट सांभाळत चढले. घंटा हाताला येईल इतकी खाली टांगलेली होती. तिच्या कडेने कसली तरी नक्षी फिरली होती. मेधाने मोबाईलचा उजेड धरला. "हे अक्षर नाही अण्णा. वेलबुट्टी आहे."

श्रीपतींनी चष्मा वर सारला, डोळे घंटेला लावले, आणि अंगठ्याने नक्षी चाचपली. त्यांच्या घशातून विचित्र आवाज निघाला. मेधाला वाटलं, झालं. तिने त्यांना घट्ट धरलं. पण ते हसत होते, पोट न हलवता, नुसते खांद्यांनी.

बापाला अक्षर येत नव्हतं. कुणीतरी कागदावर लिहून दिलं असणार, आणि बापाने ते पाहून साच्यात जसंच्या तसं सुलटं कोरलं. सुलटं कोरलं की ओतीव उलटं येतं. ही चूक फक्त निरक्षर ओतारीच करू शकतो, आणि ती वाचायला शिशाच्या उलट्या खिळ्यांवर डोळे झिजवलेला माणूसच लागतो. श्रीपती उजवीकडून डावीकडे, छापखान्यात वाचत तसं, न अडखळता वाचत गेले.

"श्री भैरवनाथ. शके अठराशे पंचाहत्तर." ते थांबले. "त्रेपन्न साल, मेधा. मी अठ्ठ्याऐंशीचा आहे."

मेधाने उजेड विझवला. तिचा हात अजून त्यांच्या दंडावर होता. "चला," ती म्हणाली. "डॉक्टर चारपर्यंत असतात."

*

डॉ. मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा त्या हसल्या. "एक जूनवाले माझ्याकडे किती येतात म्हणून सांगू आजोबा? माझी आजी एक जूनचीच. आमच्या अर्ध्या गल्लीचा वाढदिवस एका दिवशी." बोलता बोलता त्या थांबल्या. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"यंत्र विचारत नाही का, तारीख खरी की मास्तरांची?" मेधाने विचारलं.

"तशी जागाच नाही त्यात. ते आधारवरून तारीख उचलतं." त्यांनी चौऱ्याऐंशी खोडलं, अठ्ठ्याऐंशी घातलं, आणि वीस हजार वेळांचा खेळ नव्याने सुरू केला. अर्धा तास होता. श्रीपतींनी या वेळी काही खाल्लं नाही. डॉक्टर दुसऱ्या पडद्यावर काहीतरी शोधत बसल्या होत्या. श्रीपतींना न बघायचं असूनही दिसलं. रुग्णांच्या नावांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे जन्मतारीख तीच, एक जून. डॉक्टरांचे ओठ मोजत होते. सव्वीसला त्या थांबल्या, आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला तेव्हा पाणी टेबलावर सांडलं.

"ह्या वर्षी यंत्राने ठरवलेले," त्या म्हणाल्या. कुणी काही विचारलं नव्हतं.

अहवाल आला तेव्हा पडद्याच्या कडेला लाल पट्टी नव्हती. हिरवीही नव्हती. कडा नुसतीच करडी होती.

"म्हणजे काय ठरलं त्याचं?" श्रीपतींनी विचारलं.

"काहीच नाही ठरलं." डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "दोन्ही वाटा जवळपास सारख्या आहेत, आजोबा. यंत्र तुमच्यावर सोडतंय. आणि मीसुद्धा. आज तरी मी तुम्हाला एक बाजू सांगणार नाही."

श्रीपतींना दरदरून घाम फुटला. लाल पट्टीची इतकी भीती वाटली नव्हती. तिच्यात निदान कुणीतरी दुसरं ठरवत होतं.

*

गुरुवारी दुपारी ते दोघं घरच्या पडवीत बसले. ऑपरेशन हवं की नको, ते संध्याकाळच्या आत सही करून कळवायचं होतं. श्रीपतींच्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती. त्यांनी नवी प्रत मेधाकडे दिली.

"तू वाच."

"पूर्वीसारखं?"

"पूर्वीसारखं."

मेधाने खुर्ची वळवली, घसा साफ केला आणि आठ वर्षांच्या मुलीच्या त्या एकसुरी चालीत सुरुवात केली. "शस्त्रक्रिया केल्यास, स्वल्पविराम, एक वर्षानंतर हयात, शंभरात अठ्ठावन्न, पूर्णविराम. त्यांपैकी स्वतःच्या पायांनी घरात फिरणारे, एकतीस, पूर्णविराम." तिचा आवाज जरा खाली गेला, मग सावरला. "शस्त्रक्रिया न केल्यास, स्वल्पविराम, एक वर्षानंतर हयात, शंभरात एकसष्ट, पूर्णविराम. फुगवटा फुटण्याची शक्यता, शंभरात एकोणीस, पूर्णविराम. हयात व्यक्तींपैकी स्वतःच्या पायांनी फिरणारे, बावन्न, पूर्णविराम. खाली सहीची जागा आहे."

श्रीपतींचं बोट वर गेलं.

मेधा कागदाकडे बघत राहिली.

"एक ओळ गाळलीस."

"नाही अण्णा."

"एकोणीसनंतर तू श्वास घेतलास. ओळ गाळायची असली की तू आधी श्वास घेतेस. लहानपणापासून."

तिने कागद मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. वाचताना तिची चाल मोडली. "फुटल्यास... रुग्णालयात पोहोचण्याआधी मृत्यू, शंभरात एक्क्याऐंशी. साधारण वेळ, चाळीस मिनिटं." ती विरामचिन्हं विसरली होती.

समोरच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. श्रीपतींनी पोटावर हात ठेवला आणि या वेळी तो काढला नाही. धडधड तशीच होती, ठेका न चुकवता. चाळीस मिनिटं. एवढ्या वेळात छापखान्यात आठ पानांचं मुद्रित होई.

"हं. आता बरोबर आहे," ते म्हणाले. "पेन दे."

त्यांनी 'नको'च्या चौकटीत सही केली. अक्षर इतकं कापत होतं की छापखान्यात कुणी असलं अक्षर आणून दिलं असतं तर त्यांनी ते परत पाठवलं असतं.

"नक्की ना अण्णा?"

"नक्की कशाचं सांगू?" ते म्हणाले. "एकतीस आणि बावन्न, एवढंच मला समजलं. हिंडताफिरता राहिलो तर आक्काकडे तरी जाऊन येईन. भीती वाटते गं. फार वाटते."

"मलाही." मेधाने पेनाला टोपण लावलं. "मी पुढच्या आठवड्यातही इथेच आहे."

त्यांनी मान हलवली. मग नेहमीच्या सवयीने म्हणाले, "परत एकदा वाच. वरपासून. एका वाचनात चूक राहते."

मेधाने पहिलं पान वर घेतलं. "नाव, श्रीपती ज्ञानू ओतारी, पूर्णविराम. वय..." ती थांबली. हा आकडा तिने आजवर कधी तोंडाने उच्चारला नव्हता. "वय, अठ्ठ्याऐंशी."

तिने कागदावरून नजर उचलून वडिलांच्या हाताकडे पाहिलं. बोट वर गेलं नव्हतं.